हे मूल कुणाचं?

(वर्षावासातल्या एका रविवारी वंदनेनंतर विहारात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मी वकील नाही, साहेब नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा कामगार आहे. कायदा शिकलो तो रात्रपाळी संपल्यावर वाचनालयात, आणि त्याहून जास्त बालकल्याण समितीच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर, लोकांची कागदपत्रं घेऊन बसलो असताना. अध्यक्षांनी मला सांगितलं की परक्याचं मूल घरात सांभाळायचं असेल तर काय करावं लागतं, त्यावर बोला. बोलतो. पण कागदपत्रांच्या आधी मला तोंडाबद्दल बोलायचं आहे. आपल्या सगळ्यांच्या तोंडाबद्दल.

२०२१ सालचे एप्रिल-मे महिने आठवा. कोरोनाची दुसरी लाट होती. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. आई-बाप कोरोनात गेले, दोन लहान मुली आहेत, कुणाला दत्तक हव्यात तर या नंबरवर फोन करा. लोकांनी तो भल्या मनाने पुढे पाठवला. आपल्या वस्तीच्या ग्रुपवरही तो आला होता. सरकारला जाहीर करावं लागलं की अशी दत्तकं बेकायदेशीर आहेत, असले मेसेज पसरवू नका. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की कोरोनाने अनाथ झालेल्या मुलांचं बेकायदा दत्तक थांबवा, आणि या मुलांची ओळख उघड करून त्यांच्या नावाने पैसे गोळा करू देऊ नका. म्हणजे बघा, लहान लेकराचा पत्ता बाजारात मांडला गेला होता, आणि मांडणाऱ्यांत बहुतेक माणसं चांगली होती. चांगल्या माणसांच्या हातून हे होतं, म्हणून तर मला बोलायचं आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगून टाकतो. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. त्याचं कलम ७४. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ते मूल ओळखू येईल अशी कुठलीही माहिती त्याच्या चौकशीच्या बातमीत छापायची नाही. फोटो छापायचा नाही. वर्तमानपत्र, मासिक, टीव्ही आणि संपर्काचं दुसरं कुठलंही साधन, असे शब्द आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे आपला व्हॉट्सॲप ग्रुप आणि चौकातला डिजिटल बोर्ड यातून सुटत नाहीत. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्याच्या सुरुवातीला जी तत्त्वं दिली आहेत, त्यांत मुलाच्या खाजगीपणाचा हक्क हे एक तत्त्व आहे. हक्क मुलाचा आहे, आपला नाही. आपण फक्त राखणदार.

आता एक गोष्ट सांगतो. खरी आहे, याच शहरातली आहे. गल्ली सांगणार नाही. 'मूल' म्हणतो, म्हणजे मुलगा की मुलगी तेही तुम्हाला कळायचं नाही. मागे बसलेल्या दोघी-तिघी आत्तापासूनच अंदाज बांधायला लागल्या आहेत, मला दिसतंय. बांधू नका!

त्या मुलाची आई विड्या वळायची. आजारी पडली, बाप आधीच घर सोडून गेलेला. मूल एका जोडप्याकडे राहायला आलं, रीतसर, समितीच्या आदेशाने. वर्षभर सगळं चांगलं चाललं. मूल शाळेत जात होतं, अंगावर मांस आलं, झोपेत दचकणं कमी झालं. मग दुसऱ्या एका वस्तीतल्या मंडळाने जयंतीच्या कार्यक्रमात निराधार मुलांना दप्तरं वाटायचं ठरवलं. हेतू वाईट नव्हता. व्यासपीठावर बोलावलं, माइकवरून नाव पुकारलं, आईचा आजार सांगितला, पाहुण्यांच्या हस्ते दप्तर दिलं, फोटो काढला. तो फोटो पाहुण्यांच्या नावासह चौकात लागला. दोन दिवसांनी शाळेत पोरांनी त्या मुलाला 'बोर्डावरचं' म्हणायला सुरुवात केली. आईचा आजार म्हणजे नक्की कोणता, हेही पोरं विचारू लागली. मोठ्यांनी घरात बोललेलं पोरांच्या तोंडी येतं, दुसरं काय! मूल आठ दिवस शाळेत गेलं नाही. नवीन दप्तर त्याने पलंगाखाली ढकललं आणि जुनं फाटकंच वापरलं. त्या बाईने मला विचारलं, "दादा, मी लेकराला काय सांगू?" मला काही सुचलं नाही, खरंच.

म्हणून समितीला हात जोडून विनंती करतो. १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला, वर्धापनदिनाला मदत जरूर करा, पण मुलांना स्टेजवर उभं करू नका. वह्या, दप्तर, फीचे पैसे जे असेल ते एखाद्या उपासिकेने संध्याकाळी घरी नेऊन द्यावं. देणगीदाराचं नाव खुशाल फळ्यावर लिहा, घेणाऱ्याचं नको. आणि यंदाच्या स्मरणिकेत 'आपल्या वस्तीतील निराधार बालके' म्हणून फोटोंसह एक पान करायचं घाटतंय असं मी ऐकलं, ते कृपा करून करू नका. (समितीने हे मान्य केले. त्या पानांच्या जागी हे भाषण छापले आहे.)

कुणी म्हणेल, एवढी लपवाछपवी कशाला, आपण काय पाप केलंय? मी लपवाछपवी म्हणत नाही. दोन गोष्टींची गल्लत होते इथे. राष्ट्रपिता जोतीराव फुले आणि सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी विधवा गरोदर राहिली की तिला विहीर तरी जवळ करावी लागे, नाहीतर जन्मलेल्या पोराचा गळा तरी दाबावा लागे. जोतीरावांनी भिंतींवर जाहिराती लावल्या की इथे येऊन गुप्तपणे, सुखरूप बाळंत व्हा. गुप्तपणे! तो शब्द नसता तर एकही बाई त्या दारात आली नसती. पुढे १८७४ मध्ये तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला डॉक्टर केलं, १८८७ च्या मृत्युपत्रात वारस केलं. आईची इज्जत झाकली, पण पोराला झाकून ठेवलं नाही. त्याला घरात उजळ माथ्याने वाढवलं. १८९७ च्या प्लेगमध्ये हाच यशवंत रोग्यांवर उपचार करत होता आणि त्याच कामात सावित्रीमाई गेल्या. आज राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीमाईंचं नाव आहे ते उगीच नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही हे काम नवं नाही. पंढरपूरला १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी अनाथ बालकाश्रम काढला, प्रार्थना समाजाने तो चालवला. आणि सोलापूर शहरात बहिष्कृत हितकारिणी सभेने, म्हणजे बाबासाहेबांच्या सभेने, १९२५ च्या जानेवारीत विद्यार्थी वसतिगृह उघडलं. खेड्यापाड्यातली अस्पृश्यांची पोरं शिकायला आली तेव्हा त्यांना या शहरात पथारी टाकायला जागा नव्हती. ती जागा सभेने दिली. स्वतः बाबासाहेबांची आई ते लहान असतानाच वारली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळलं, हे आपल्या घरातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. सिद्धार्थाची आई सात दिवसांत गेली, महाप्रजापती गौतमीने वाढवलं. तेव्हा दुसऱ्याचं मूल सांभाळणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण सांभाळता सांभाळता त्याची गोष्ट गल्लीभर करू नये, एवढं मात्र शिकायला हवं.

आता लोक मला जे प्रश्न विचारतात त्याकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे दत्तकच ना?" नाही. दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं, नाव तुमचं, वारसा तुमचा. त्याची वाट वेगळी आहे, सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मी ज्याबद्दल बोलतोय ते प्रतिपालकत्व. ऑफिसात त्याला फॉस्टर केअर म्हणतात. यात मूल ठरावीक काळ तुमच्या घरी राहतं. त्याचं नाव बदलत नाही, शाळेच्या दाखल्यावरची जात-धर्म बदलत नाही, आई-बाप असतील तर ते आई-बापच राहतात. समितीने हरकत घेतली नाही तर ते ठराविक दिवसांनी भेटायला येऊ शकतात, आणि त्यांची परिस्थिती सुधारली की समिती मूल परत घरी पाठवते. कलम ४४ मध्ये हे सगळं आहे. भावंडं असतील तर शक्यतो एकत्र ठेवायची, हेही त्यात आहे.

हे ऐकलं की बायका म्हणतात, "जीव लावायचा आणि परत द्यायचं? आम्हाला नाही जमायचं." हा प्रश्न खरा आहे. मी त्याला गोड उत्तर देत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी यात पडू नये, त्यात कमीपणा नाही. मुलीला सासरी पाठवतो तसं आहे का? तसंही नाही, कारण सासरच्या मुलीला माहेर असतं. पण मी पाहिलेल्या दोन घरांत परत गेलेली मुलं आजही सणासुदीला येतात. एका घरातलं मूल गेलं ते गेलंच, खबर नाही. बाई अजून त्याचं ताट वेगळं ठेवते. दोन्ही होतं.

तरी एक सांगतो. २०२४ साली केंद्र सरकारने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जे मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं आहे आणि तुमच्याकडे दोन वर्षं राहिलं आहे, ते तुम्हाला दत्तक घेता येऊ शकतं. आधी ही मुदत पाच वर्षं होती. त्याच सूचनांप्रमाणे आता एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं, विधवा असो, घटस्फोटित असो, अविवाहित असो, वय मात्र निदान पस्तीस हवं. एकट्या पुरुषाला फक्त मुलगाच मिळतो. मुलं साधारण सहा वर्षांच्या पुढची असतात, तान्हं बाळ मिळेल या आशेने जाऊ नका.

पैशाचं विचारायला लोक लाजतात, पण विचारावं. मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला चार हजार रुपये मुलामागे आहेत. आणि आजी, मामा, मावशी किंवा एकटी आईच मूल सांभाळत असेल, म्हणजे आपल्या वस्तीत बहुतेक ठिकाणी जे आहे, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पैसे वेळेवर येतील असं समजून घरखर्च आखू नका, एवढं अनुभवाने सांगतो. आणि पैशासाठी मूल ठेवणारा माणूस चौकशीत फार काळ टिकत नाही.

चौकशी होते, हो. घर बघतात, जागा बघतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात, डॉक्टरचा दाखला आणि पोलीस पडताळणी लागते. मूल आल्यावर समितीने दर महिन्याला तपासणी करावी असं कायद्यात आहे. काही लोकांना याचा राग येतो, "आमच्यावर संशय?" बाबांनो, संशय नव्हे, ते मूल बोलू शकत नाही म्हणून कुणीतरी बघायला येतं. पण येणाऱ्या कर्मचाऱ्यांना तुम्ही सांगू शकता की सरकारी पाटीची गाडी गल्लीच्या तोंडाशी नका आणू, दारात उभं राहून मुलाचं नाव मोठ्याने नका पुकारू. सांगितलं तर ऐकतात, बहुतेक जण.

आता मुख्य अडचण. मूल घरी आल्यावर शेजारीण विचारणार, "हे कुणाचं गं?" गिरणीत आम्ही पाळी बदलताना मशीन कुठल्या अवस्थेत आहे तेवढंच पुढच्या माणसाला सांगतो, घरचं रडगाणं सांगत नाही. तसंच करायचं. "आमच्याकडे राहतं" एवढं उत्तर पुरतं. खोटी मावसबहीण, खोटं गाव रचू नका. एक खोटं सांभाळायला दहा लागतात, आणि ती दहाही त्या मुलाला पाठ करावी लागतात. नवरा-बायको दोघांनी आणि आजीनेसुद्धा एकच उत्तर द्यायचं हे पहिल्या दिवशीच ठरवा. आजीवर विशेष लक्ष ठेवा. दळणाच्या गिरणीत आणि नळावर जेवढं फुटतं तेवढं पेपरात फुटत नाही.

शाळेत मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना गरजेपुरतं सांगावं लागतं. डॉक्टरला आजाराचं सांगावं लागतं. बास. मुलाचे आई-वडील तुरुंगात आहेत का, आईला कसला आजार होता, मूल कुठे सापडलं, हे शाळेच्या शिपायाला, रिक्षावाल्याला, क्लासच्या मॅडमला कळायची काही गरज नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय सांगणं गुन्हा होऊ शकतो. आपल्या पंढरपूरला मंगलताई शहा यांनी 'पालवी'त अशा मुलांना आसरा दिला. त्या मुलांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना करा, म्हणजे कायदा का लागला ते कळेल.

आणि मुलाने स्वतः विचारलं तर? त्याच्यापासून मात्र लपवायचं नाही. इथेच लोक उलटं करतात, गल्लीला सगळं सांगतात आणि मुलाला काहीच नाही. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहात उकिरड्यावर टाकलेलं अर्भक, कावळे जमलेले. अभय राजकुमाराने विचारलं, जिवंत आहे का? जिवंत आहे म्हणाले, म्हणून नाव जीवक. मोठा झाल्यावर त्याने अभयला विचारलं, माझी आई कोण, बाप कोण? राजपुत्राला थाप मारणं काय अवघड होतं! पण त्याने सरळ सांगितलं की तुझी आई मला ठाऊक नाही, पण मी तुला वाढवलं म्हणून मी तुझा बाप. तोच जीवक पुढे तक्षशिलेला वैद्यक शिकला आणि तथागतांचा वैद्य झाला. मुलाला त्याच्या वयाप्रमाणे, थोडं थोडं, पण खरं सांगा. त्याची कागदं, आईचा एखादा फोटो असेल तर जपून ठेवा. मोठं झाल्यावर ती गोष्ट कुणाला सांगायची ते त्याचं तो ठरवेल.

धर्माचंही लोक विचारतात. मूल हिंदू आहे, मुसलमान आहे, तर वंदनेला बसवायचं का? आपल्या घरी वंदना होतेच, मूल आपणहून शेजारी बसलं तर बसू द्या. पण त्याला दीक्षा देऊन टाकू, नाव बदलून टाकू, असलं काही मनात आणू नका. बाबासाहेबांनी विचार करून, वर्षानुवर्षं अभ्यास करून दीक्षा घेतली. नऊ वर्षांच्या परक्या लेकराला ती घाई कशाला?

एका ठिकाणी मात्र तोंड बंद ठेवायचं नाही, आणि हे नीट ऐका, कारण गुप्ततेचं नाव पुढे करून भलतंच दाबलं जातं. मुलाने सांगितलं की त्याला कुणी मारतं, कुणी अंगाला वाईट हात लावतं, मग तो माणूस नातेवाईक असो, शिक्षक असो, आपल्याच समितीचा असो, तर ते वस्तीत बैठक घेऊन मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "विहाराची बदनामी होईल" हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. पोलिसांना सांगा, १०९८ ला फोन करा, पण नळावर सांगू नका. बोलायची जागा कोणती आणि गप्प बसायची कोणती, एवढाच फरक आहे. तसंच एखादं मूल एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर एकटं सापडलं तर "देवाने दिलं" म्हणून घरी आणून ठेवायचं नाही. चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८, बालकल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवायचं. परस्पर मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे, मग शंभराच्या स्टॅम्पवर कितीही सह्या असोत.

ज्यांना मूल सांभाळायचं आहे त्यांनी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा दाखला, फोटो एवढं आधी जमवून ठेवा, बाकी काय लागतं ते तिथे सांगतात. निर्णय बालकल्याण समिती घेते, कुठला नगरसेवक किंवा कार्यकर्ता नाही, मीसुद्धा नाही. मधे कुणी पैसे मागितले तर मला सांगा.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर मी इथेच असतो, फॉर्म भरून देतो. फक्त फॉर्म आणि प्रश्न घेऊन या, मुलाला बरोबर आणू नका. त्याची हकीकत इथे चपला काढताना चार माणसांत सुरू करू नका, मागच्या खोलीत बसून बोलू. तिथला दरवाजा नीट लागत नाही, तेवढा समितीने दुरुस्त करून द्यावा.

जय भीम. नमो बुद्धाय.